निलेश सरांचे केस

शिक्षक-खोली रोज झाडली जाते. तेथे साठलेले किस्से मात्र झाडले जात नाहीत. मी स्वतः किस्से सांगणाऱ्यांपैकी नाही. परंतु ऐकणाऱ्याच्या पदरीही ते जमत जातात, आणि एखाद्या दिवशी कोणी विचारले की एकामागून एक बाहेर येतात. आज तसे झाले आहे.

कामरगावच्या शाळेत मी मराठी शिकवतो. सेवेची अखेरची वर्षे आहेत. देह देवाने दिलेला आहे, त्याच्या दिसण्याची चिंता माणसाने करू नये, असे मी वर्गात सांगत आलो. शिक्षक-खोलीत मात्र दिसण्याखेरीज दुसऱ्या कशाची चिंता होत असल्याचे मला फारसे आढळले नाही.

खाली सांगतो ते सर्व वर्ष-सव्वा वर्षातले आहे. त्या काळात आमच्या निलेश सरांचे लग्न जमवायचे होते. निलेश सर विज्ञान शिकवतात. त्यांचे वडील लहानपणीच गेले. वडिलांच्या थोरल्या भावाने त्यांना वाढवले. घरात सर्व जण या थोरल्यांना मोठे बाबा म्हणत. मोठे बाबा थकले होते, दृष्टी गेली होती, आणि निलेशचे लग्न झाले की मला ने, एवढेच ते देवाजवळ मागत.

निलेश सरांचे वय तिशीच्या पुढे. स्वभाव गरीब. व्यसन नाही. डोक्यावर केस नाहीत.

० ० ०

शिक्षक-खोलीत आरसा असावा असे ठरले. आरसा आला. मुख्याध्यापकांनी स्वतः भिंतीशी उभे राहून, स्वतःच्या मापाने तो लावून घेतला. ते उंच आहेत. गणिताच्या सुनीता मॅडमची उंची बेताची. त्यांना त्या आरशात स्वतःचा भांग तेवढा दिसे. त्याखालचे काही नाही.

कित्येक महिने ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. आली तेव्हा मुख्याध्यापक ओशाळले.

“मॅडम, सांगाचं नाई का? खाली घेतला असता ना!”

“राहू द्या सर,” वह्या तपासता तपासता मॅडम म्हणाल्या. “आमाले आरसा कायले? आमी कशा दिसतो ते सांगाले तुमी सारे हायच ना.”

आरसा अजून तेथेच आहे.

० ० ०

त्या वर्षीच्या पावसाळ्यात सुनीता मॅडम महिनाभर रजेवर होत्या. परत आल्या तेव्हा निम्म्या झाल्या होत्या. जिना चढताना त्यांना दोनदा थांबावे लागले.

खोलीत त्यांचे फार कौतुक झाले. ज्यांनी आजवर त्यांना “तब्येत जरा सुधारली बरं का” असे हसत ऐकवले होते, त्या सर्वांनी आता “एकदम फिट!” असे सांगितले. मुख्याध्यापकांचे स्वतःचे पोट टेबलाच्या अलीकडे मावत नाही. त्यांना कोणी कधी काही म्हटलेले मी ऐकलेले नाही; उलट, या पोटामुळेच ते मुख्याध्यापक वाटतात, असे एका पालकाने माझ्यादेखत सांगितले होते.

तेही कौतुकाने पुढे आले. “मॅडम, काय केलं काय तुमी? आमच्या मिसेसले सांगतो.”

“टायफॉइड,” मॅडम म्हणाल्या.

मुख्याध्यापकांनी मान डोलावली. “कारंज्याच्या बाजारात भेटते का?”

० ० ०

मुख्याध्यापक केसांना कलप लावतात. त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. पुढची बाजू ते स्वतः रंगवत आणि मागची बाजू त्यांच्या सौभाग्यवती रंगवून देत. अनेक वर्षे हे काम दोघांत वाटलेले होते.

एकदा भाच्याच्या लग्नाला निघताना ते पत्नीला म्हणाले, “तूबी लाव ना थोडा. नाई तर लोक तुले माही माय समजतीन.”

बाईंनी ब्रश धुऊन ठेवला. तो त्यांनी पुन्हा उचलला नाही.

त्यानंतर मुख्याध्यापक समोरून पूर्वीसारखेच राहिले आणि मागून हळूहळू पांढरे होत गेले. आरशात मागचे दिसत नाही, त्यामुळे त्यांना याची कल्पना नव्हती. मुलांना होती. हिंदीचे शेख सर कारंज्याहून रोज बसने येतात. स्वतःच्या दाढीला ते उघडपणे मेंदी लावतात आणि कोणी विचारले तर कोणत्या दुकानातली तेही सांगतात. मुख्याध्यापकांच्या वर्गावरून जाताना ते दारात क्षणभर थांबले आणि खोलीत येऊन गंभीरपणे म्हणाले,

“अपने साहब मुलांकडं पाह्यतात तोवर नोकरीत हायत. फळ्याकडं वळले का रिटायर.”

० ० ०

निलेश सरांसाठी मुली पाहण्याचे काम त्यांच्या आत्याकडे होते. या बाई शब्दाला पक्क्या आणि नजरेने कडक. कारंज्याच्या बाजारात लुगडे घेताना त्या ते दुकानाबाहेर रस्त्यावर आणून उन्हात पाहतात, कारण ट्यूबलाइटखाली रंग फसवतो. मुलीही त्या याच रीतीने पाहत. दुपारची वेळ ठरवायची आणि बोलता बोलता मुलीला अंगणात न्यायचे. अंगणातून परत येताना त्यांचा निर्णय झालेला असे.

“पोट्टी चांगली हाय. शिकेल हाय. पन सावलीतलीच हाय.”

मी एकदा त्यांना म्हणालो, “आत्याबाई, आपण सून आणणार की लुगडे?”

“सर, लुगडं आवडलं नाई तर परत तरी देता येते,” त्या म्हणाल्या.

अशा रीतीने काही मुली आत्यांनी नाकारल्या. उरलेल्या मुलींनी निलेश सरांना नाकारले. कारण कोणी सांगत नसे. फोटो परत येत नसे आणि फोनही येत नसे. एका गृहस्थाने मात्र सौजन्याने फोन केला.

“बायोडाटा चांगला हाय,” ते म्हणाले. “फोटो बापाचा पाठवला वाटते. पोराचा असंन तर पाठवून द्या.”

निलेश सरांनी हे आम्हाला मधल्या सुट्टीत स्वतःच सांगितले. सांगून झाल्यावर ते हसले. दुसरे कोणी हसले नाही.

० ० ०

दिवाळीच्या सुट्टीत निलेश सर अकोल्याला गेले आणि केस घेऊन आले.

याला पॅच म्हणतात. तो डोक्याला चिकटवतात, आणि चांगला असला तर नवख्याला कळत नाही. आम्ही नवखे नव्हतो. शाळा उघडली त्या दिवशी ते खोलीत आले, खुर्चीत बसले आणि हजेरीपट पाहू लागले. कोणी काही बोलले नाही. सुनीता मॅडमची टिकली बदलली तर चार जण बोलतात. पुरुषाच्या डोक्यावर एका सुट्टीत इतके केस आले तरी बोलायचे नसते, ही आमच्या खोलीची सभ्यता आहे.

शेवटी शेख सर उठले. त्यांनी निलेश सरांचा हात हातात घेतला.

“मुबारक हो, सर.”

निलेश सर दचकले. “काहून? काय झालं?”

“दिवाळी झाली ना,” शेख सर म्हणाले.

घरी मात्र निराळे झाले. अकोल्याहून येताच निलेश सर मोठ्या बाबांच्या पाया पडायला वाकले. मोठ्या बाबांना दिसत नव्हते. त्यांनी सवयीने आशीर्वादासाठी हात पुढे केला, डोक्यावर ठेवला आणि लगेच मागे घेतला.

“हे कोनाचे होय रे?” त्यांनी विचारले.

निलेश सरांनी काय उत्तर दिले ते मला सांगितले नाही. मीही विचारले नाही.

० ० ०

उन्हाळ्याच्या सुट्टीत किन्हीराजा या गावचे स्थळ आले. मुलगी रूपाली, आरोग्यसेविका, नोकरी कायमची. मोठ्या बाबांना प्रवास झेपत नव्हता, म्हणून त्यांनी मला निरोप पाठवला: “सर, माह्या जागी तुमी जाजा.” मी गेलो.

आत्यांच्या शिरस्त्याप्रमाणे आम्ही भर दुपारी पोहोचलो. वैशाखातले ऊन होते. रूपालीच्या वडिलांनी पाहुण्यांसाठी बैठकीत कूलर लावला होता आणि जो तो त्याच्यासमोर सरकत होता. निलेश सर मात्र सर्वांत दूर, कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले. घाम आणि जोराचा वारा, दोन्हींपासून पॅच जपावा, असे त्यांना अकोल्याला बजावले होते. त्या दुपारी त्यांना दोन्हींतून एक निवडायचे होते. त्यांनी घाम निवडला आणि कपाळावर पंजा ठेवून विचारी माणसासारखे बसून राहिले.

“इकडं या ना, कूलरपाशी,” यजमानांनी तीनतीनदा सांगितले.

“नको. इथं बरा हाय,” निलेश सर म्हणाले.

रूपाली पन्हे घेऊन आली. रंगाने सावळी, बोलायला मोकळी. आत्यांनी पेला घेतला आणि उठल्या. “बाई, जरा अंगनात ये बरं.”

अंगणात त्यांनी तिला उन्हात उभे केले. इथवर मला ठाऊक होते. पुढचे ठाऊक नव्हते. त्यांनी कमरेचा रुमाल काढला, त्याचे टोक रांजणात बुडवले आणि मुलीचा गाल पुसला. मी बैठकीतून त्यांना हाक मारली. त्या थांबल्या, परंतु पुसून झाल्यावर.

रुमाल त्यांनी उजेडात धरून पाहिला. स्वच्छ होता.

“नाई,” त्या समाधानाने म्हणाल्या. “रंग पक्का हाय.”

“धुऊन पाहा आत्या,” रूपाली म्हणाली. “आटत बी नाई.”

मग ती आत आली आणि कोपऱ्यातल्या निलेश सरांसमोर पेला धरला. त्यांच्या कानशिलांवरून घाम वाहत होता.

“तुमाले गर्मी नाई होत का?”

“होते,” निलेश सर म्हणाले.

“मंग कूलरपाशी काहून नाई बसत?”

निलेश सरांनी पेला घेतला. उत्तर तिच्या वडिलांनी दिले. तिला नव्हे, मला, आणि बाजूला घेऊन.

“सर, पोरगा लय समजदार हाय. अशा उनात कूलर दुसऱ्याले सोडते, असा जावई आजकाल कुठी भेटते? आमच्याकडून पसंती समजा!”

परतीच्या जीपमध्ये निलेश सरांनी आयुष्यात प्रथमच आत्यांना आपले मत सांगितले. “आत्या, मले पोरगी पसंत हाय.”

“काय पाह्यलं तिच्यात?”

“तिनं तुले उत्तर देलं.”

घर जवळ आल्यावर आत्या म्हणाल्या, तशी नोकरी सरकारी आहे. शाळा उघडल्यावर मी ही हकिकत सांगितली तेव्हा शेख सरांना तिच्यात नवल वाटले नाही. “पर्मनंट नोकरी असली का रंग आपोआप उजळते, सर. मले आश्चर्य कूलरचं वाटून राह्यलं.”

० ० ०

लग्नाची तारीख काढायची होती, तेवढ्यात मोठे बाबा गेले.

दहाव्या दिवशी भावकीतल्या सर्व पुरुषांनी डोके भादरायचे, हा त्या घराचा रिवाज आहे. ज्यांना मोठ्या बाबांनी पोटच्या मुलासारखे वाढवले, त्यांना तर पर्यायच नव्हता. आणि दसव्याला किन्हीराजाचे पाहुणे येणार होते. पॅच डोक्यावर ठेवला तर भावकीत तोंड दाखवायला जागा नाही. काढला तर पाहुण्यांसमोर गुपित फुटून ठरलेले लग्न मोडण्याची भीती.

आदल्या संध्याकाळी निलेश सर माझ्या घरी आले. मी देवापुढे दिवा लावत होतो. ते थांबले. मग म्हणाले, “सर, शास्त्रात काही सवलत हाय का?”

“कशाची?”

“न भादरण्याची.”

“आजाऱ्याला आहे. तान्ह्या बालकाला आहे,” मी म्हणालो.

“आत्या म्हणते, डोक्याले लागलं म्हणून पट्टी बांध.”

“ती कोणासाठी?”

“पाहुण्यांसाठी. रूपालीचे बाबा येणार हायत.”

“आणि दसवे कोणाचे आहे?”

त्यांनी पाणी मागितले, प्यायले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी नाल्यावर भावकी रांगेने बसली होती. निलेश सरांची पाळी आली. पॅच ओढून निघत नाही. कडेकडेने ओला करून सोडवावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. तेवढा वेळ सर्व जण पाहत होते. कोणी हसले नाही. निघाल्यावर त्यांनी तो इतरांचे केस पडले होते त्यांच्यावर नेऊन ठेवला आणि पाटावर येऊन बसले.

न्हाव्याने त्यांच्या डोक्याकडे पाहिले. “सर, याच्यावर काय भादरू?”

“वस्तरा फिरव. पद्धत हाय.”

न्हाव्याने डोके भिजवले आणि इतरांच्या डोक्यावरून फिरवला होता तितक्याच काळजीने त्या डोक्यावरून वस्तरा फिरवला. मग मिशी काढली.

थोड्या वेळाने किन्हीराजाचे पाहुणे आले. समोर गुळगुळीत डोक्यांची रांग होती. रूपालीच्या वडिलांनी गहिवरून पहिल्याच तरुणाला मिठी मारली. “धीर धरा जावईबापू!”

“मी नाई,” तो चुलतभाऊ म्हणाला. “तिकडचा.”

पाहुण्यांनी रांगेकडे पाहिले, पुन्हा पाहिले आणि हात टेकले. “सारे एकसारखेच दिसून राह्यले, बाप्पा!”

निलेश सर त्या दिवशी शोकात होते आणि निश्चिंतही होते. एकाच चेहऱ्यावर दोन्ही मी पूर्वी पाहिलेले नव्हते. निश्चिंती आत्यांना नव्हती. नाल्यावरून परतलेल्या प्रत्येकाला त्या हळू आवाजात एकच गोष्ट सांगत होत्या.

“अकोल्याचा होता तो! तसाच ठेवून आला तिथंसा!”

० ० ०

काही दिवसांनी शेतांत सोयाबीन वर आले आणि भावकीच्या डोक्यांवर केस. निलेश सरांच्या डोक्यावर काही आले नाही. ते पांढरी टोपी घालून शाळेत येऊ लागले.

शेख सरांनी बरेच दिवस संयम पाळला. मग एका मधल्या सुट्टीत त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “सर, साऱ्यांचं उगवलं. तुमाले दुबार पेरनी करा लागते का?”

निलेश सरांनी टोपी नीट केली.

“जमीन चांगली हाय सर,” ते म्हणाले. “बियाणंच बोगस निघालं.”

त्या दिवसापासून खोलीत या विषयावर मोकळेपणाने बोलता येऊ लागले. सुनीता मॅडम म्हणाल्या, “चला, आता कळंन तुमाले, रोज सकाळी कोनीतरी आपल्याकडं पाहून बोलते तवा कसं वाटते.” सर्व पुरुष हसले. मॅडम हसल्या नाहीत.

आत्यांनी मात्र प्रयत्न सोडले नव्हते. त्यांनी अकोल्याच्या दुकानाला फोन लावला. निलेश सर समोरच बसले होते; त्यांनीच मला ते संभाषण सांगितले.

“महिनाभराचे केस हायत का तुमच्यापाशी?” आत्यांनी विचारले. “नाई, नाई, महिन्याच्या लेकराचे नाई. भादरून महिना झाला, असे दिसले पायजे.”

पलीकडच्या माणसाने प्रश्न पुन्हा विचारून घेतला. मग तो म्हणाला, “बाई, आमच्याकडं लोक जास्तीचे केस मागाले येतात.”

निलेश सरांनी आत्यांच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला. आता काही चिकटवणार नाही, असे त्यांनी सांगितले. मग रूपालीच्या वडिलांना काय सांगायचे, असे आत्यांनी विचारले. खरे सांगायचे, एवढे साधे उत्तर होते. परंतु ते सांगितल्यावर ती मुलगी नाही म्हणेल, ही भीती होती. या एका मुलीने नाही म्हणू नये, असे त्यांना मनापासून वाटत होते. हे त्यांनी मला सांगितले नाही. त्यांच्या टोपीकडे वरचेवर जाणाऱ्या हातावरून मी समजलो.

० ० ०

मोठ्या बाबांची इच्छा होती म्हणून लग्न वर्षाच्या आत, तुळशीच्या लग्नानंतर करावे, असे दोन्हीकडे ठरत होते. तारीख काढायला रूपाली आणि तिचे वडील कामरगावला यायचे होते. त्या सकाळी आत्या माझ्या घरी आल्या.

“सर, नेम सांगनार हाय मी. मोठ्या बाबाच्या नावानं पोरानं नेम धरला, वर्षश्राद्ध होईस्तोवर डोक्यावर केस ठेवाचे नाई. रोज भादरते म्हनून सांगतो.”

“हे खोटे आहे.”

“खोटं कसं? केस नाईच हायत ना?”

“आणि वर्ष संपल्यावर?”

“मंग लगन होऊन जाईन. लगन झाल्यावर मानसाचं डोकं कोन पाह्यते सर? पगार पाह्यतात.” त्या निघायला उठल्या. “बाईचं मात्र मरेस्तोवर पाह्यतात. ते जाऊ द्या. तुमी या.”

“मी देवाच्या आणि मृताच्या नावाने खोटे बोलणार नाही. विचारले तर खरे सांगेन.”

“बोलूच नका. तुमी नुसते बसा,” आत्या म्हणाल्या. “तुमी बसले का खरं वाटते.”

मी गेलो आणि बसलो. समोर रूपालीचे वडील, त्यांच्याशेजारी रूपाली. या बाजूला आत्या, आणि भिंतीशी टोपी घातलेले निलेश सर. चुलतभाऊ चहा देऊन गेला; त्याचे केस आता भांग पडण्याइतके वाढले होते. रूपालीच्या वडिलांनी त्याच्याकडे पाहिले, मग टोपीकडे पाहिले आणि ते सहज म्हणाले, “जावईबापूचे अजून नाई वाढले वाटते?”

आत्यांनी पदर सारखा केला आणि नेम सांगितला. चांगला सांगितला. सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. ते खोटे नव्हते, भावासाठी होते.

रूपालीच्या वडिलांनी हात जोडले. “धन्य हाय! वर्षभर रोज वस्तरा! आजकालची पोरं दसव्याच्या दिवशी टोपीत डोकं लपवतात. मी म्हटलंच होतं सर तुमाले, कूलर सोडला तवाच मी वळखलं होतं.”

निलेश सर जमिनीकडे पाहत होते.

“नेम वर्षाचा हाय का, आत्या?” रूपालीने विचारले.

“व्हय माय. पुरा वर्षाचा.”

“मंग लगन वर्षानं करू.”

आत्यांचा कप हातातच राहिला. “अवो, तसं कायले? मोठ्या बाबाची इच्छा होती, वर्षाच्या आत...”

“त्याहीच्याच नावाचा नेम हाय ना? तो मोडाचा नाई,” रूपाली शांतपणे म्हणाली. “पुरा होऊ द्या. केस आले का कळवा. तवा तारीख काढू.”

“पन नेमात थोडी सूट असते...”

“देवाच्या कामात सूट नसते, आत्या.”

तिचे वडील मुलीकडे अभिमानाने आणि आत्यांकडे गोंधळून पाहत होते. मग ते माझ्याकडे वळले. “सर, तुमी जाणते. तुमीच सांगा. काय करा लागते?”

आत्यांनी माझ्याकडे पाहिले. मी उत्तर देण्यासाठी हातातला चहा खाली ठेवला.

मी बोलण्याआधी निलेश सर उठून उभे राहिले. त्यांनी टोपी काढली. इतकी वर्षे एकाच शाळेत असून त्यांचे डोके मी इतक्या समोरून पाहिले नव्हते.

“नाई येणार,” ते म्हणाले.

“काय?” रूपालीने विचारले.

“केस. वर्षानं नाई येणार. दहा वर्षांनी बी नाई येणार. नेम नाई धरला मी. पहिलेपासूनच नाई हायत. किन्हीराजाले आलो तवा होते ते चिकटवलेले होते.”

वडिलांचे जोडलेले हात अजून तसेच होते. त्यांचे काय करावे हे त्यांना सुचत नव्हते. आत्यांनी डोळे मिटले. रूपाली त्या डोक्याकडे बघत राहिली. ती हसली नाही आणि तिने नजरही काढली नाही.

“नाईच येणार?” तिने पुन्हा विचारले.

“नाई.”

“मंग,” रूपाली म्हणाली, “वर्षभर थांबाचं कायले?”